एकट्याने खेळताना गेम ठीक, मित्र आले की सेशन तुटतं : बाल्डर्स गेट ३ आणि कोकणातलं नेट

लक्षण असं आहे. बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम दुपारभर एकट्याने खेळा, काही होत नाही. गेम अडकत नाही, बंद पडत नाही. रात्री जेवणं आटोपून मित्रांबरोबर सेशन लावलं की थोड्या वेळात कोणीतरी गळतो. कधी एकटाच बाहेर फेकला जातो, कधी सगळेच्या सगळे मेन मेन्यूवर. पुन्हा जोडलं की चालतं, आणि ऐन लढाई रंगात आली की पुन्हा तेच. मग स्पीड टेस्ट मारली जाते, आकडा झकास येतो, आणि सगळे मिळून गेमला शिव्या घालतात.

आमच्या चौघांतला एक राजापुरात, एक कुडाळला, एक पुण्यात आणि एक डोंबिवलीला असतो. शाळेनंतर एकत्र बसणं आता या गेममध्येच होतं, त्यामुळे तुटलेलं सेशन मला मनापासून लागतं. एकट्याचा खेळ उद्या पुढे नेता येतो. चौघांची मोकळी रात्र मात्र महिन्यात मोजक्या वेळा जुळते, आणि ती मेन मेन्यूकडे बघत घालवणं फार वाईट. या दुखण्याची कारणं पावसाळ्यात वेगळी, गणपतीत वेगळी, मे महिन्यात वेगळी असतात, म्हणूनच ते बरं झालं असं वाटून परत परत उपटतं. सगळी कारणं वेगवेगळी पकडायची एक रीत आहे, ती इथे लिहितो.

आधी एकट्याने खेळताना हे का दिसत नाही ते समजून घ्या. गेम एकदा सुरू झाला की एकट्याच्या खेळाला नेट लागतच नाही. मधे दहा सेकंद लाइन गेली काय आणि आली काय, तुम्हाला पत्ता लागत नाही. को-ऑपमध्ये, म्हणजे मित्रांबरोबर खेळताना, सगळं जग होस्टच्या, म्हणजे सेशन लावणाऱ्याच्या मशीनवर चालतं आणि बाकीचे तीन त्याला धरून असतात. तो दुवा काही सेकंद सुटला की माणूस बाहेर. म्हणजे लाइन दुपारीही तशीच तुटत असते, फक्त ते कळायला कारण नसतं.

वेगाचा यात फारसा संबंध नाही. गेम उतरवून घ्यायला वेग लागतो, कारण त्याला १५० जीबी जागा लागते आणि अपडेटही लहान नसतात. खेळताना मात्र हा पाळीपाळीने लढायचा गेम आहे. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, १५० मिलिसेकंद आला तरी आपली पाळी आली की तलवार चालते. लागतं ते सलग नेट. शंभर एमबीपीएसची लाइन दर वीस मिनिटांनी पाच सेकंद मरत असेल तर ती या कामाला उपयोगाची नाही, आणि दहा एमबीपीएसची न तुटणारी लाइन उत्तम. स्पीड टेस्ट अर्ध्या मिनिटात संपते, तेवढ्यात लाइन तुटलीच नाही तर टेस्ट काय सांगणार?

कुठे तुटतं ते आधी बघा

उपाय करायच्या आधी हे करा, आणि चौघांनीही करा. लॅपटॉपवर दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा. एकात आपल्याच राउटरला पिंग ही कमांड लावा, दुसऱ्यात बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ किंवा ८.८.८.८. राउटरचा पत्ता माहीत नसेल तर आयपीकॉन्फिग ही कमांड द्या, डिफॉल्ट गेटवेसमोर जो दिसतो तो. पिंगच्या शेवटी हायफन आणि टी लावलं की ते थांबवेपर्यंत चालू राहतं. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा आणि खेळायला बसा. कोणी गळला की लगेच खिडक्यांकडे बघायचं आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहायची. नंतर आठवून लिहू म्हणू नका.

दोन्ही खिडक्यांत एकदम ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर दुखणं तुमच्या घरात आहे. राउटर बंद पडून चालू झाला, किंवा वायफाय सुटलं. राउटरची खिडकी नीट चालू आहे आणि बाहेरची तेवढी थांबली, तर घर ठीक आहे, लाइन बाहेर कुठेतरी तुटते आहे. दोन्ही खिडक्या शांतपणे चालू असूनही तुम्ही बाहेर पडलात, तर होस्टच्या खिडक्या काय म्हणतात ते विचारा. आणि सगळ्यांच्याच खिडक्या ठीक असतील तरच गेमकडे, मॉडकडे (गेममध्ये वरून टाकलेल्या बदलांकडे), फायरवॉलकडे वळा. बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात, गेम काढून पुन्हा टाकतात, आणि एवढा मोठा गेम पुन्हा उतरवण्यात दोन दिवस जातात.

कोण गळतो हीसुद्धा खूण आहे. सगळे एकदम गळले तर होस्टचं नेट किंवा होस्टचं मशीन. दर वेळी एकच जण गळत असेल तर त्याच्या घरात बघायचं, होस्टने आपल्याकडच्या सेटिंगला हात लावायचा नाही.

लाइट

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं. जूनपासून लाइट नुसती जात नाही, ती झपकते. पापणी लवावी तशी गेली आणि आली. पंख्याचा वेगही कमी होत नाही, लॅपटॉप बॅटरीवर असतो म्हणून त्यालाही कळत नाही, पण राउटर मात्र रीस्टार्ट होतो. मग फायबरचा दिवा लुकलुकत स्थिर व्हायला आणि नेट यायला मिनिट-दोन मिनिटं जातात. खेळणारा म्हणतो, लाइट तर गेली नव्हती! राउटरचे दिवे बघा. एक वगळता सगळे विझून पुन्हा ओळीने लागत असतील तर तो आत्ताच उठला आहे.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. इकोवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो त्यात काही राउटर टिकतात, काही टिकत नाहीत. यूपीएसवर केलं की बदल झटकन होतो. पण गावात व्होल्टेज कमी असेल तर यात मेख आहे : यूपीएस मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइट नाकारतो आणि बॅटरीवर जातो. संध्याकाळी वाडीतले सगळे पंप आणि मिक्सर चालू झाले की तो सारखा ये-जा करत राहतो, आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी उतरलेली असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : राउटरला त्याचा स्वतःचा मिनी यूपीएस लावा. हातात मावेल एवढा डबा, आत लिथियम बॅटरी, राउटरच्या अ‍ॅडॅप्टर आणि राउटरच्या मधे बसतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतं आणि पुढे १, १.५ किंवा २ अ‍ॅम्पिअर. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्याला १२ चा लावू नका. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही पुरवठा हवा, एकालाच लावून उपयोग नाही. या एका खर्चाने पावसाळ्यातली निम्मी तुटातूट थांबेल असं मी छातीठोकपणे सांगतो, आणि होस्टकडे तर तो असायलाच हवा.

अ‍ॅडॅप्टरची पिनही काढून बघा. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने पिनांवर आणि लॅन केबलच्या धातूच्या दातांवर हिरवट थर चढतो. देवगड, वेंगुर्ला, हर्णैसारख्या ठिकाणी हे दोन-तीन वर्षांत दिसायला लागतं. केबल हलवली की नेट येतं-जातं असं असेल तर ती घासत बसू नका, टोकाचा कनेक्टर नवा बसवून घ्या.

गडगडाट सुरू झाला तर मात्र खेळ थांबवायचा. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरमधल्या संध्याकाळी विजा फार होतात. काचेच्या फायबरमधून विजेचा झटका येत नाही, पण विजेच्या तारेतून येतो, आणि अंगणातून नेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधूनही येतो. प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. मित्र थांबतील.

चिऱ्याच्या भिंती

राउटर बहुतेक घरांत बाहेरच्या खोलीत किंवा पडवीत बसवलेला असतो, कारण वायर तिथून आत येते. खेळणारा माजघरापलीकडच्या खोलीत. मधे जांभ्या चिऱ्याच्या दोन भिंती, फूटभर जाडीच्या. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून वायफाय कोरड्या भिंतीपेक्षा कमीच पार होतं. मे महिन्यात त्याच खोलीत चाललेलं वायफाय जुलैत धडपडतं ते यामुळे.

राउटर ५ गिगाहर्ट्‌झ आणि २.४ गिगाहर्ट्‌झ असे दोन वायफाय देतो. ५ वेगवान पण भिंतीला घाबरणारा, २.४ हळू पण भिंत ओलांडणारा. नवे राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि लॅपटॉपला स्वतःच इकडून तिकडे ढकलत राहतात. प्रत्येक ढकलण्यात क्षणभर नेट सुटतं. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टिअरिंग असं काहीतरी सापडेल, ते बंद करा, दोन्हींना वेगळी नावं द्या आणि भिंतीपलीकडच्या लॅपटॉपला २.४ वरच जोडा. वेग कमी दिसेल. चालेल, वर सांगितलं तसं वेग नकोच आहे.

५ गिगाहर्ट्‌झवरच खेळायचं असेल तर चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका, ३६ ते ४८ मधला एखादा निवडा. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. त्या पट्ट्यात रडारचा संकेत आहे असं वाटलं की राउटरला चॅनेल सोडून दुसरीकडे जावं लागतं, आणि तेवढा वेळ वायफाय गायब. किनाऱ्यावर, बंदराजवळ राहणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं.

लॅपटॉपमध्येही एक खोडी असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अ‍ॅडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते. ती काढा.

आणि शक्य असेल तर हे सगळं विसरून सरळ लॅन केबल ओढा. खिडकीच्या चौकटीतून, वाशांच्या कडेने, कशीही. लॅन केबलवर बसलेला माणूस वायफायच्या तक्रारी करत नाही.

बाहेरची लाइन

फायबरवर असाल आणि बाहेरचीच खिडकी तुटत असेल तर राउटरवरचा ‘लॉस’ लिहिलेला दिवा बघा. तो लाल झाला म्हणजे प्रकाशच येत नाही : फांदी पडली, केबल तुटली. ते सोपं, तक्रार केली की कळतं. अवघड असते ती अर्धवट लाइन. पावसाने प्रकाश कमी होत नाही, पण खांबावरच्या जोडडब्यात पाणी शिरलं किंवा वाऱ्याने केबल लोंबून वाकली की कमी होतो. राउटरच्या पानावर ऑप्टिकल माहितीत आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते, उणे आकड्यात. -२० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. -२५ च्या पलीकडे गेलं तर काठावर आहात, आणि -२७ च्या पुढे बऱ्याच राउटरना तो पेलवत नाही. हा आकडा एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा धो धो पावसात लिहून ठेवा. दोन्हींत फरक आला तर जोड ओला आहे.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. त्यांचा माणूस येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट मारतो, ‘बघा दादा, बरोबर येतंय’ म्हणतो आणि जातो. त्याच्यापुढे तुटलेल्या वेळांचा कागद आणि प्रकाशाचे दोन आकडे ठेवा. मग त्याला खांबावर चढावंच लागतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही काय शोधायचं ते कळल्यावर काम सोपं जातं.

मोबाइल नेट आणि गणपती

गावात फायबर पोचलेलं नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा सिमवर चालणारा राउटर उरतो. बारा महिन्यांपैकी बहुतेक वेळ हा खेळ त्यावर नीट चालतो. गणपतीत चाकरमानी आले, वाडी भरली, की त्याच टॉवरवर अनेकपट माणसं येतात आणि रात्री आठ ते अकरा हा वेळ वाया. शिमग्यातही थोडंफार तेच. यावर उपाय नाही, वेळ बदला. पहाटे पाच-सहाला किंवा दुपारी जमतं. नाहीतर आरती करा, भजनाला बसा, त्या दिवसांत एकट्यानेही खेळू नये असं मला वाटतं.

दुसरी अडचण अशी की मोबाइल नेटवर, आणि काही फायबरवाल्यांकडेही, तुमच्या घराला स्वतःचा पत्ता नसतो. अनेक घरं एका पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही अशा सामाईक पत्त्यामागे आहात. अशा माणसाने दुसऱ्याच्या सेशनमध्ये यावं, स्वतः होस्ट होऊ नये. राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचे व्हिडिओ बघून उपयोग नाही, कारण अडथळा तुमच्या राउटरच्या पलीकडे आहे.

घरचं वायफाय सोडून पहिल्यांदाच हॉटस्पॉटला जोडलंत तर विंडोज ते नवं सार्वजनिक नेटवर्क समजतं आणि फायरवॉल कडक होते. काल चालणारं आज जोडलंच जात नसेल तर नेटवर्क खासगी करा, किंवा फायरवॉलमध्ये गेमला दोन्हीकडे परवानगी द्या.

गेमकडे वळायचं झालं तर

मेन मेन्यूवर आवृत्तीचा आकडा असतो, चौघांचा एकच आहे का बघा. शहरातल्याचं अपडेट रात्रीत होऊन जातं, गावातल्याचं अर्ध्यावर असतं. मॉड असतील तर सगळ्यांकडे तेच आणि त्याच आवृत्तीचे हवेत. संशय आला तर एक रात्र मॉडशिवाय नवा डाव लावून बघा. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचपासून कन्सोलवाला आणि पीसीवाला एकत्र खेळू शकतात, त्यासाठी प्रत्येकाकडे गेम बनवणाऱ्या लेरियनचं खातं लागतं. गेम तुटत नसून बंदच पडत असेल, तर तो वेगळा आजार आहे : लाँचरमध्ये व्हल्कन आणि डायरेक्टएक्स ११ या चित्र दाखवायच्या दोन पद्धतींपैकी सध्या नसलेली निवडून बघा, एकट्याने खेळतानाही तसंच होतं का ते तपासा.

होस्ट कोण असावा

लाइन दुरुस्त होईपर्यंत खेळ थांबवायची गरज नाही. होस्ट बदला. सगळ्यात चांगलं मशीन असणाऱ्याला होस्ट करायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. ज्याची लाइट आणि लाइन सगळ्यात स्थिर, तो होस्ट. आमच्यात तो डोंबिवलीचा आहे. त्याचा लॅपटॉप सगळ्यात जुना आहे, पण राजापूरचा किंवा कुडाळचा गळला तरी बाकीचे तिघे खेळत राहतात, गळलेल्याचं पात्र होस्टच्या हाती जातं आणि तो परत आला की त्याला सोपवता येतं.

चालू डाव दुसऱ्याकडे न्यायचा असेल तर सेव्ह फोल्डर पाठवावा लागतो. लोकल अ‍ॅपडेटामध्ये लेरियन स्टुडिओज, त्यात बाल्डर्स गेट ३, प्लेयर प्रोफाइल्स, पब्लिक, सेव्हगेम्स, स्टोरी. त्या सेव्हच्या नावाचा पूर्ण फोल्डर उचला आणि नव्या होस्टच्या मशीनवर त्याच जागी ठेवा. सुरू करताना कोणतं पात्र कोणाचं ते सेशनच्या खिडकीत नीट वाटून घ्या.

लढाई सुरू होण्याआधी होस्टने एफ ५ दाबून सेव्ह करायची सवय लावावी. ऑनर मोड पावसाळ्यात नको. त्यात एकच सेव्ह असतो, चूक झाली तरी मागे जाता येत नाही, आणि लाइटच्या खेळात तो गमावणं जिवाला लागतं. लाइट गेल्यावर स्टीम (ज्यातून गेम चालू होतो ते अ‍ॅप) ‘क्लाउडमधला ठेवू की मशीनवरचा’ असं विचारतं, तेव्हा घाईत काही दाबू नका. दोन्हींची तारीख-वेळ वाचा, वरचा स्टोरी फोल्डर आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, मग नवा असेल तो निवडा.

एखाद्याचं गाव महिनाभर अंधारात आणि नेटविना राहिलं, जसं जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अनेक गावांचं झालं, तर त्याचं पात्र तुमच्या टोळीत नुसतं उभं राहून जागा अडवतं. गेममधल्या तळावर विदर्स नावाच्या पात्राच्या शेजारी एक कपाट असतं. त्यातून मित्राचं पात्र टोळीबाहेर ठेवता येतं, त्याच्या जागी कथेतला सोबती घेता येतो, आणि मित्राची लाइन आली की त्याला तिथूनच परत घेता येतं.